लाल चट्ट्यावर ट्यूब लावण्याआधी

पावसाळ्यात जांघेत किंवा कमरेला लाल चट्टा उठतो, खाज सुटते आणि मेडिकलमधून एखादी ट्यूब घरात येते. दोन दिवसांत आराम पडतो. ट्यूब थांबवली की चट्टा परत उठतो, तोही आधीपेक्षा मोठा. खोट बहुतेक वेळा त्या ट्यूबमध्येच असते. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटॅसॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव असेल, तर त्यात स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, पण चट्टा बुरशीचा असेल तर तिच्याशी झुंजणारी त्वचेची ताकदही दबते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. सोबत बुरशीनाशक घातलेलं असलं तरी हे टळत नाही. शिवाय जांघेत असं मलम फार दिवस लावलं तर कातडी पातळ होते आणि पोटावर बाळंतपणात पडतात तशा रेषा पडतात. त्या कायमच्या. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ही ट्यूब लावू नका.

आधी चट्टा नीट बघा. बुरशीचा चट्टा, म्हणजे गजकर्ण किंवा नायटा, असेल तर कडा उंच, लाल, बारीक खवल्यांची असते आणि मधला भाग निवळलेला दिसतो. जांघ, कंबर, नितंब, स्तनांखालची घडी या त्याच्या जागा, आणि घाम आला की खाज वाढते. स्टेरॉइड लावून झालेलं असेल तर ही गोल कड पुसली जाते. मग नुसत्या नजरेने ओळखणं अवघड, डॉक्टर खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

गजकर्णावर नुसतं बुरशीनाशक मलम हवं: 1 टक्का ल्युलिकोनॅझोल दिवसातून एकदा किंवा 1 टक्का क्लोट्रिमॅझोल दोनदा. आंघोळीनंतर जागा टिपून पूर्ण कोरडी होऊ द्या. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली की सुमारे अर्धा ग्रॅम होतं, ते दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपासून सुरुवात करून आत या, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढेही पसरलेली असते. चट्टा गेल्यावरही दोन आठवडे लावत राहा. बहुतेक जण चुकतात ते इथेच: खाज थांबली की ट्यूब कपाटात जाते. चट्टे पसरलेले असतील किंवा चार आठवड्यांत फरक नसेल तर पोटातून गोळ्या लागतात, त्या डॉक्टरांनीच ठरवायच्या.

कमरेचा करगोटा काढून ठेवा. तो दिवसभर घामाने ओला राहतो आणि त्याच्या रेषेवरच चट्टा पुन्हा उठतो. पायाच्या बोटांच्या बेचक्या आणि नखंही तपासा. तिथे बुरशी राहिली तर जांघेत परत येते. आजारी माणसाचे कपडे वेगळे, कडक गरम पाण्यात धुवा आणि उलटे करून उन्हात घाला. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा आतल्या कपड्यांच्या शिवणींवर इस्त्री फिरवा. अर्धवट वाळलेली जीन्स किंवा लेगिंग घालू नका. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. लसूण चोळणं, लिंबू पिळणं, जंतुनाशक पाण्यात न मिसळता लावणं, हे सगळं बंद. त्याने कातडी भाजते आणि खालची बुरशी तशीच राहते.

खाज रात्री अंथरुणात वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या असतील आणि घरात आणखी कोणी खाजवत असेल, तर ती खरूज. 5 टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, रात्री लावून 8 ते 14 तासांनी धुवायचं आणि सात दिवसांनी पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसली तरी. एक जण सुटला की त्याच्याकडून सगळ्यांना पुन्हा होते. तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. म्हणून औषध फसलं असं समजून रोज मलम फासू नका.

अंगावर पित्त उठलं असेल तर एका गांधीभोवती पेनने रेघ मारा. 24 तासांत ती तिथून नाहीशी होऊन दुसरीकडे उठली, तर पित्तच. आमसुलाच्या पाण्याने गार वाटतं, पण खाज थांबवायला प्रौढांना सहसा सेटिरिझिनची 10 मिलिग्रॅमची गोळी लागते. ती घेऊन वाहन चालवू नका, झोप येते.

ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, तर गोळीची वाट न बघता थेट दवाखान्यात न्या. नवीन औषध सुरू केल्यावर ताप येऊन तोंडात फोड आले किंवा कातडी सुटू लागली, तर ते औषध बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि औषधाचं पाकीट सोबत न्या.