चादरीच्या दुकानात जाण्याआधी तोंडी हिशेब

लग्नाच्या आहेरासाठी सोलापुरी टॉवेल घ्यायचेत: 48 नग, दर 185 रुपये. 50 गुणिले 200, म्हणजे 10,000. दोन्ही आकडे वर ओढलेत, त्यामुळे खरी रक्कम याहून कमीच. खिशात एवढे असले की गल्ल्यावर फजिती नाही. (खरे बिल 8,880.) एक आकडा वर आणि दुसरा खाली धरला, 50 गुणिले 180, तर 9,000 येतात, पण अंदाज जास्तीचा की कमीचा, हे नुसतं बघून कळत नाही. मी पैशाला असं कधीच करत नाही.

जेवणाचं उलटं. कडक भाकरीच्या 6 थप्प्या, प्रत्येकीत 23. तिथं 20 च धरा. 120 भाकरींत भागलं तर निर्धास्त वाढा.