विमानाला उशीर झाल्यावर भरपाई मागताना या चुका टाळा

सांगलीत ओळखीपाळखीच्या लोकांना तक्रारअर्ज लिहून देण्याचे काम मी काही वर्षे करत आहे. त्यांत आता विमानप्रवासाचे अर्जही बरेच असतात आणि बहुतेकांत त्याच त्या चुका दिसतात. अर्ज माझ्याकडे येईपर्यंत त्या दुरुस्त करण्याची वेळ निघून गेलेली असते, म्हणून त्या येथे मांडतो.

पहिली चूक तिकीट काढतानाच होते. आपल्याकडे अजूनही पुष्कळ लोक स्टँडजवळच्या एजंटाकडून तिकीट काढतात आणि एजंट सवयीने स्वतःचाच मोबाइल क्रमांक व ई-मेल भरतो. माझा मावसभाऊ मूळचा विट्याजवळचा असून गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त चेन्नईला असतो. एका दिवाळीला तो कुटुंबासह गावी आला होता आणि परतीची चार तिकिटे त्याने अशाच एका एजंटाकडून काढली होती. विमान भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता पुण्याहून सुटणार होते. ते रद्द झाल्याचा संदेश पाडव्याच्या दिवशी सकाळीच आला, परंतु तो एजंटाच्या फोनवर आला आणि एजंट दुकान बंद करून त्याच्या गावी गेला होता. भाऊबीज आटोपून रात्री ११ वाजता दोन लहान मुलांना घेऊन ही मंडळी गाडीने निघाली आणि कराड, सातारा, खंबाटकी असा प्रवास करून पहाटे पुण्याच्या लोहगाव विमानतळावर पोहोचली, तेव्हा आज हे विमानच नाही असे त्यांना काउंटरवर कळले. दुसऱ्या कंपनीची तिकिटे त्यांना कितीतरी जास्त दराने घ्यावी लागली.

भरपाईचा अर्ज मी लिहून दिला. कंपनीने संदेश पाठवल्याची तारीख आणि वेळ दाखवली आणि प्रकरण तिथेच अडले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमानुसार सुटण्याच्या २४ तास आधीपर्यंत सूचना मिळाली असेल, तर प्रवाशाला पर्यायी विमान किंवा परतावा मिळतो, भरपाई मिळत नाही. प्रवाशाने तिकीट काढताना संपर्काचा पुरेसा तपशील दिलेला नसेल, तरीही भरपाई मिळत नाही. सूचना मुळीच आली नसती, तर एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंतच्या उड्डाणाला ७,५०० रुपये आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती प्रत्येकी मिळाली असती. पुणे ते चेन्नई हे उड्डाण दोन तासांच्या आतले असल्यामुळे चौघांचे मिळून ३०,००० रुपयांपर्यंत झाले असते. परतावा तेवढा मिळाला, तोही एजंटाच्या खात्यातून फिरून. एजंटामार्फत तिकीट काढले असले तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असते, हे त्या वेळी पुन्हा पुन्हा लिहून कळवावे लागले.

माझी स्वतःची सवय अशी आहे की तिकीट हातात आल्याबरोबर मी कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकतो, तिथे माझाच क्रमांक आहे ना हे पाहतो आणि घर सोडण्यापूर्वी विमानाची स्थिती पुन्हा तपासतो. पुण्याचे विमान पकडण्यासाठी आपल्याला चार-चार तासांचा रस्ता तुडवावा लागतो, त्यामुळे हा दोन मिनिटांचा कंटाळा आपल्या भागातल्या माणसाला परवडणारा नाही.

दुसरी चूक व्हॉट्सॲपवरच्या संदेशांतून पसरते. ‘तीन तास उशीर झाला की ६०० युरो मिळतात’ असा संदेश घेऊन लोक माझ्याकडे येतात. तो नियम युरोपीय संघाचा आहे. २००४ च्या त्या नियमाखाली अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो मिळतात, परंतु विमान संघातल्या विमानतळावरून सुटणारे हवे, किंवा तिथल्याच कंपनीचे आणि तिथे उतरणारे हवे. पुणे ते दिल्ली प्रवासाशी त्याचा काहीही संबंध नाही. आपल्या डीजीसीएच्या नियमांत केवळ उशिरासाठी ठरावीक रोख रक्कम नाही. सोयी आहेत, आणि त्या तिथल्या तिथे मागून घ्याव्या लागतात. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर होणार असेल आणि आपण वेळेत चेक-इन केले असेल, तर खाणेपिणे मिळाले पाहिजे. देशांतर्गत विमानाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर सहा तासांच्या आतले पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा देऊ केला पाहिजे. रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून अधिक उशीर झाला, किंवा कोणत्याही विमानाला २४ तासांहून अधिक उशीर झाला, तर हॉटेलची सोय केली पाहिजे. खुर्चीवर रात्र काढून आठवड्याने माझ्याकडे येणाऱ्यांचे मला फार वाईट वाटते, कारण ती खोली त्यांच्या हक्काची होती.

चिडून कंपनीने पाठवलेल्या परताव्याच्या लिंकवर बोट ठेवू नका. परतावा स्वीकारला की पर्यायी विमानाचा हक्क संपतो आणि नवे तिकीट आपल्याच खिशातून घ्यावे लागते. घाईत ही लिंक दाबणारे बहुधा पहिल्यांदाच विमानाने निघालेले तरुण असतात. त्यांनी काउंटरवरच्या रांगेत अर्धा तास उभे राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उशिराचे किंवा विमान रद्द झाल्याचे कारण लेखी घेतल्याशिवाय विमानतळ सोडू नका. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षेचा धोका अशी कारणे असतील तर कंपनीवर भरपाईचे बंधन नसते, म्हणून पुढे वाद होतो तो याच मुद्द्यावर. बोर्डिंग पास फेकू नका आणि फलकावरच्या वेळेचा फोटो काढून ठेवा.

जागेपेक्षा जास्त तिकिटे विकल्यामुळे आपल्याला विमानात घेतले नाही, तर त्याला उशीर म्हणून नोंदवू नका. तिथे रक्कम वेगळी असते: एका तासात सुटणारे पर्यायी विमान दिले तर काही नाही, २४ तासांच्या आतले दिले तर मूळ भाडे व इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये, आणि त्यानंतरचे दिले तर चौपट, कमाल २०,००० रुपये.

शेवटची चूक म्हणजे समाजमाध्यमावर राग काढून तेवढ्यावर थांबणे. आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, मग एअरसेवा या केंद्र सरकारच्या तक्रार-संकेतस्थळावर नोंद करावी आणि दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेच दावा लावता येतो, म्हणून सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या माणसाला त्यासाठी पुण्या-मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. घेतलेल्या सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे आणि ती घटना घडली त्या दिवसापासून मोजली जाते. ‘कंपनीशी पत्रव्यवहार चालू होता’ म्हणून ती आपोआप वाढत नाही.