उकडपेंडी, घरची तर्री आणि आंबील: घाईच्या घरासाठी नागपुरी न्याहारी

शाळेचा ऑटो पावणेसातला दारात उभा राहतो आणि ऑफिसचा डबा साडेआठला भरलेला असावा लागतो, अशा घरातली न्याहारी बहुधा चहा-बिस्किटांवर भागते किंवा बर्डीकडे (सीताबर्डीच्या बाजाराकडे) जाताना वाटेत उभ्या-उभ्या तर्रीपोह्यांच्या, म्हणजे चण्यांचा झणझणीत रस्सा घातलेल्या पोह्यांच्या, प्लेटवर. तर्रीपोह्यांविषयी माझी तक्रार नाही, आणि नागपूरकराने ती करूही नये. मात्र ती तर्री रोजच्या पोटाला झेपत नाही, आणि आपल्याच स्वयंपाकात पंधरा-वीस मिनिटांत होणारे चांगले पदार्थ असताना पाकीटबंद ओट्स विकत आणण्याचे कारणही मला दिसत नाही. सकाळ हातातून निसटते ती बहुतेक वेळा आदल्या रात्रीमुळे: चणे भिजत घातलेले नसतात, पीठ भाजून ठेवलेले नसते, सांबार निवडलेला नसतो. (सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना दर वेळी नव्याने सांगावे लागते.)

या सगळ्यांत पहिला मान उकडपेंडीचा. उपमा ज्या जागी खातात त्याच जागी ही खावी, पण रव्याऐवजी जाडसर दळलेली कणीक वापरावी, म्हणजे गव्हाचा कोंडा पोटात जातो आणि अकरा वाजेपर्यंत पुन्हा भूक लागत नाही. चक्कीवर दळायला देतानाच "थोडी जाडी ठेवा" असे सांगावे. पोळीची बारीक कणीक वापरली तर उकडपेंडी चिकट होते. मी 2 वाट्या जाड कणकेत 1 वाटी ज्वारीचे पीठ मिसळते. ज्वारीत 100 ग्रॅममागे सुमारे 10 ग्रॅम तंतू आणि जवळजवळ तेवढीच प्रथिने असतात, शिवाय ज्वारीमुळे पेंडी मोकळी राहते.

हे मिश्रण रविवारी एकदाच जाड बुडाच्या कढईत, तेल न घालता, मंद आचेवर भाजून ठेवावे. सुरुवातीला पीठ जड लागते आणि सराट्याला (उलथन्याला) बिलगून येते. आठ-दहा मिनिटांनी ते हलके होऊन कढईच्या कडेवरून वाळूसारखे घसरू लागते, रंग एका छटेने गडद होतो आणि खमंग वास स्वयंपाकघराबाहेर पोहोचतो. हीच थांबायची वेळ आहे, कारण गरम कढईत पीठ नंतरही भाजले जात राहते. म्हणून ते लगेच परातीत पसरावे. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरले की पंधरा दिवस निश्चिंती. कोमट असतानाच डबा बंद केला तर आत दमटपणा धरतो आणि पिठाला जुनाट वास येऊ लागतो.

सकाळी चौघांसाठी दीड वाटी भाजलेले पीठ पुरते. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, जिरे, मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे), गोडलिंब (कढीपत्ता), हिरवी मिरची आणि एक मोठा चिरलेला कांदा परतावा, हळद आणि मीठ घालावे, आणि कांदा पारदर्शक झाला की पीठ घालून दोन मिनिटे फोडणीत घोळवावे. मग सव्वा वाटी कोमट पातळ आंबट ताक हाताने शिंपडत जावे. पहिल्या शिंपडणीला पीठ चर्र करते आणि त्याच्या लहान-मोठ्या गाठी होतात. त्या सराट्याच्या पाठीने दाबून मोडाव्यात, पुन्हा शिंपडावे, पुन्हा मोडाव्यात. सगळे ताक जिरल्यावर झाकण ठेवून पाच मिनिटे अगदी मंद आचेवर वाफ द्यावी. झाकण काढल्यावर चिमटीत घेतलेली पेंडी दाबली तर गोळा व्हावा आणि सोडली तर तो सुटावा. वरून सांबार, लिंबू आणि मुलांसाठी थोडे डाळिंबाचे दाणे घातले की पुरे; साखर घालण्याची पद्धत काही घरांत आहे, मला ती मानवत नाही.

सुरुवातीच्या दिवसांत घाईत मी गार पाणी एकदम ओतले होते आणि कढईत पुस्तकाच्या पाठीला लावण्यासारखी खळ तयार झाली होती. फेकून देण्याऐवजी तिच्यात आणखी पाणी, दोन चमचे बेसन आणि किसलेले गाजर मिसळून तव्यावर धिरडी घातली, आणि घरातल्यांनी ती मागून घेतली. तेव्हापासून पेंडी बिघडली की धिरडी, हा आमच्याकडे ठरलेलाच मार्ग आहे. मुद्दाम धिरडी करायची असल्यास रात्री भिजवलेली सालाची मूगडाळ आले-मिरचीसह वाटून घ्यावी; त्यात सोडा किंवा इनो घालण्याची काहीही गरज नाही.

सुटीच्या दिवशी उशिरा, सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण एकत्रच उरकायचे असेल, तर घरची तर्री करावी. इथे एक गोष्ट समजून घेतली की तेल आपोआप कमी होते: मिरचीचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो, म्हणून टपरीवरच्या तर्रीवर ती लालभडक तवंगाची जाडी दिसते. तोच रंग चार जणांसाठी दोन-तीन चमचे तेलातही मिळतो, फक्त तिखट तेलात घालण्यापूर्वी गॅस बंद करावा, अर्धा मिनिट थांबावे आणि मग तिखट सोडून लगेच वाटणाचा मसाला घालावा. तेल कडकडीत असताना तिखट टाकले तर ते काळपट आणि कडू होते, आणि मग रंगासाठी आपण आणखी तिखट व आणखी तेल घालत बसतो. भिवापुरी मिरचीचे तिखट मिळाले तर ते झणझणीत असते, तेव्हा हात आखडता ठेवावा.

रात्रभर भिजवलेले काळे चणे मिठासह कुकरमध्ये मऊ शिजवून घ्यावेत. जमल्यास एक दिवस आधी भिजवून मोड आणावेत, कारण मोड येताना कडधान्यात क जीवनसत्त्व तयार होते आणि ते पचायलाही हलके होते. भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण, आले आणि धने यांचे वाटण वर सांगितलेल्या तेलात परतून त्यात चणे आणि चण्यांचे पाणीही घालावे. ते पाणी ओतून देणे म्हणजे चव आणि सत्त्व दोन्ही मोरीत सोडणे होय. पोहे जाडे घ्यावेत, चाळणीत धुऊन दहा मिनिटे निथळत ठेवावेत आणि नेहमीप्रमाणे कमी तेलात फोडणीला टाकावेत. वाढताना प्रमाण उलटे करावे: टपरीवर पोह्यांचा ढीग आणि वर चार चणे असतात, घरी चण्यांची वाटी भरून आणि पोहे बेताचे असावेत. नुसते पोहे लवकर पचून जातात. चण्यांतल्या प्रथिनांमुळे आणि तंतूंमुळे तीच थाळी तीन-चार तास पोटात टिकते. बारीक शेव वर भुरभुरायला हरकत नाही, पण ती चिमूटभरच.

मार्चनंतर आपल्याकडची सकाळ वेगळी होते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर चढतो तेव्हा गरम पोहे नकोसे वाटतात, आणि तेव्हा ज्वारीची आंबील हाताशी असावी. तीन मोठे चमचे ज्वारीचे पीठ एक वाटी ताकात गाठी न ठेवता कालवून झाकून ठेवावे. हिवाळ्यात ते रात्रभर ठेवावे लागते, उन्हाळ्यात पाच-सहा तास पुरतात. रात्री आठला कालवलेले मे महिन्याच्या सकाळी इतके आंबट होते की मुले तोंड फिरवतात, म्हणून झोपण्यापूर्वी कालवावे किंवा आंबल्यावर फ्रीजमध्ये ठेवावे. सकाळी गंजात (पातेल्यात) तीन वाट्या पाणी उकळून, आच कमी करून, हे पीठ बारीक धारेने सोडावे आणि सतत ढवळत सात-आठ मिनिटे शिजवावे. ताक एरवी उकळले की फाटते, परंतु ज्वारीतल्या स्टार्चमुळे ते इथे धरून राहते, ढवळणे मात्र सोडू नये. मीठ, जिरेपूड आणि ठेचलेला लसूण घालून गार करावी, आणि पिताना तेवढेच ताक मिसळावे. उन्हात काम असलेल्यांनी ती पिऊनच घराबाहेर पडावे, कारण पाणी आणि मीठ दोन्ही एका पेल्यात मिळते. रक्तदाबासाठी ज्यांना मीठ कमी सांगितले आहे त्यांनी ते बेताने घालावे.

चहाचे काय, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. चहातले टॅनिन अन्नातले लोह शोषले जाण्यात अडथळा आणते, म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे. देशातल्या 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. तेव्हा हा नियम घरच्या बायकांनी तरी मनावर घ्यावा. उठल्याबरोबर चहा घ्यावा आणि न्याहारी तासाभराने करावी, एवढा बदल पुरतो. न्याहारीसोबत चहाऐवजी लिंबू किंवा संत्रे असले तर क जीवनसत्त्वामुळे चण्यांतले लोह अधिक शोषले जाते. संत्र्यांचा आंबिया बहार ऑक्टोबरपासून आणि मृग बहार फेब्रुवारीपासून बाजारात असतो, म्हणजे जवळजवळ निम्मे वर्ष संत्री आपल्या दारात आहेत. त्यांचा रस काढू नये, फोडी खाव्यात. रसात तंतू राहत नाहीत आणि एका पेल्यात तीन-चार संत्र्यांची साखर नकळत पोटात जाते.

संध्याकाळी पाचची भूक ही सकाळपेक्षा फसवी असते, कारण तेव्हा समोर समोसा-कचोरीच येते. त्यासाठी फुटाणे आणि भाजलेले फल्लीदाणे निम्मे-निम्मे मिसळून डब्यात ठेवावेत. सोबत गुळाचा लहान खडा. मुरमुऱ्यांत कांदा, टमाटर, काकडी आणि ओला हरभरा घालून दोन मिनिटांत भेळ होते. दिवाळीच्या सुमारास शिंगाडे आले की मिठाच्या पाण्यात उकडून सोलून खावेत. ते तळ्याच्या पाण्यात वाढलेले असतात, म्हणून कच्चे न खाता नीट धुऊन उकडणेच बरे. पुडाच्या वडीची (सांबार भरून तळलेल्या वडीची) आरोग्यदायी आवृत्ती मात्र करू नये. भाजलेल्या किंवा वाफवलेल्या पुडाच्या वडीने कोणाचेच समाधान होत नाही. ती हिवाळ्यात एकदा, भरपूर सांबार भरून, तळूनच खावी.

या सगळ्यासोबत ताटात जवसाची चटणी हवी. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावा, गार झाल्यावर सुकी मिरची, जिरे, लसूण आणि मिठासह भरड वाटावा. अख्खा जवस चावला न गेल्यास तसाच पोटातून निघून जातो, म्हणून वाटणे आवश्यक आहे. पण वाटलेल्या जवसाचे तेल हवेने लवकर खवट होते. त्यामुळे मोठी बरणी भरून ठेवू नये, आठवड्याला पुरेल एवढीच चटणी करावी आणि उन्हाळ्यात ती फ्रीजमध्ये ठेवावी.