भातलावणीला शाळेची मुलं नेताना
जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात जा. तेव्हा तरवा (भाताची रोपं) 21 ते 25 दिवसांचा, लावणीजोगा असतो. चिखळणी, म्हणजे खाचरात पाणी साठवून चिखल करणं, आधीच उरकलेली हवी. जोत किंवा पॉवर टिलर चालू असताना मुलं खाचरात नकोत.

दोरीला वीतभर अंतरावर गाठी मारा आणि प्रत्येक गाठीपाशी एक चूड लावायला सांगा. एका चुडात दोन-तीन रोपं, दोन-तीन सेंटिमीटर खोल. मुलं हमखास मूठभर रोपं कोपरापर्यंत खुपसतात. खोल गेलेल्या रोपाला फुटवे (बुंध्यातून फुटणाऱ्या नव्या काड्या) कमी येतात. शेतकऱ्याला हे आधीच सांगून एकच कुणगा (खाचराचा छोटा तुकडा) मागून घ्या.

पायाला जखम असलेलं मूल बांधावरच राहील. कोकणात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे होणारा आजार) भीती खरी आहे. बाहेर आल्यावर सगळ्यांचे हातपाय साबणाने धुवा. इरलं (पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं बांबू-पानांचं आच्छादन) मात्र प्रत्येकाला घालून बघू द्या!

कापणीला त्याच कुणग्यात परत न्या.