आयकिडोच्या पहिल्या सेमिनारला जाताय? थाप लवकर द्या

आयकिडो म्हणजे मनगट-सांधे वळवून समोरच्याला पाडायची जपानी युद्धकला, आणि सेमिनार म्हणजे बाहेरगावचे लोकही येतात असं तिचं शिबिर. तो ठरला की आपल्या नागपूरची पोरं आधी अंबाझरी तलावावर पळायला जातात. पळा, वाईट काही नाही. पण सेमिनारात सारा वेळ पडायचं आणि उठायचं असतं, त्यामुळे दमाच्या आधी मांड्या बोलायला लागतात. घरी सतरंजीवर सेइझात, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर, बसा, हात न टेकता उभे राहा, परत बसा. शिक्को (गुडघ्यांवर चालणं) कधी केलंच नसेल तर सुवारी-वाझाच्या (गुडघ्यांवर बसून करायच्या डावांच्या) पहिल्याच तासात गुडघे सोलून निघतात. पॅड बांधायला लाजू नका.

एवढं निभून जातं. मनगटाचं तसं नाही.

आयकिकाईत, म्हणजे आयकिडोच्या मूळ संस्थेत, स्पर्धा नसतात, म्हणून बाहेरच्यांना हा नाचाचा प्रकार वाटतो. पण आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा (1883–1969) दाइतो-र्यू जुजुत्सू ही आधीची युद्धकला शिकलेले होते आणि निक्योमध्ये, म्हणजे मनगट वळवायच्या एका पकडीत, ते मूळ अजून जाणवतं. तुम्ही समोरच्याचं मनगट धरता, तो तुमचा हात तिथेच दाबून धरतो, वळवतो आणि किंचित पुढे झुकतो. तोवर काही दुखत नाही. मग एकदम दुखतं, मधली पायरीच नाही. रोजच्या क्लासमधल्या जोडीदाराला तुमचं मनगट ठाऊक असतं, तो आधीच थांबतो. बाहेरगावाहून आलेला अनोळखी माणूस तुमच्या थापेची, म्हणजे 'आता सोड' या खुणेची, वाट बघतो, आणि तुम्ही 'अजून सहन होतंय' म्हणत दात-ओठ खाऊन उभे. मीही तसाच उभा होतो. त्या रात्री गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर पिळता येईना. मित्राच्या मागे बसून घरी आलो आणि पोळी डाव्या हाताने तोडली.

तर थाप दुखल्यावर द्यायची नसते. हातातला सैलपणा संपला, पुढे वळायला जागा उरली नाही, की लगेच द्यायची. पुन्हा सांगतो, दुखायच्या आधी. कोपर ताठ केलं किंवा खांदा वर चढवला की सगळा भार मनगटाच्या सांध्यावर येतो. म्हणून कोपर वाकलेलं ठेवा, कंबर खाली न्या, एक गुडघा टेकू द्या. दुसरा हात मोकळाच हवा. थाप मॅटवर, स्वतःच्या मांडीवर, समोरच्याच्या अंगावर, कुठेही चालते, पण जोरात. हॉलमध्ये इतकी धपाधप चाललेली असते की हलकी थाप कोणाला ऐकूच जात नाही. कोतेगाएशीतही (मनगट बाहेर वळवून पाडायच्या डावात) हात अडवून धरू नका, पाय हलवा आणि त्याच्यासोबत फिरा. हे सगळं माहीत असूनही शेवटच्या सत्रांत अंग गळालं की विसरायला होतं. तसं वाटलं तर सेन्सेईंना (शिक्षकांना) सांगून कडेला बसा. कोणी हसत नाही, खरंच.

वेदनाशामक गोळी घेऊन मॅटवर उतरायचं तर नावच काढू नका. थोडंफार दुखून मिळणारा इशाराही मग मिळत नाही.

आणखी एक जमात टाळा. सेन्सेई दाखवून बाजूला होतात न होतात, तोच एखादा सिनियर तुम्हाला अर्ध्यात थांबवतो, 'असं नाही बे, असं,' आणि त्याचं प्रवचन संपेपर्यंत टाळी वाजून जोडी बदलायची वेळ येते. माझ्या मते फुकट शिकवणारा हाच सेमिनारमधला सगळ्यात महाग माणूस. हो म्हणा, वाका, पुढच्या वेळी दुसऱ्यासमोर जाऊन 'ओनेगाइशिमास' (सरावाआधीची जपानी विनंती) म्हणा. आवाज न करता पडणारी माणसं हेरा. ती बोलत नाहीत, पण त्यांच्याकडून उकेमी, म्हणजे न लागता पडायची कला, आपोआप अंगात उतरते.

तारीख मे महिन्यातली असेल तर मी तरी जाणार नाही. 45 अंशांत जाड गी (सरावाचा पोशाख) घालून बंद हॉलमध्ये लोळायचं, वर कूलरच्या दमट हवेने मॅट चिकट. हिवाळ्यातला सेमिनार धरा. सत्राआधी तर्री-पोहा नको, दुसऱ्याच कोलांटीला तर्री घशाशी येते. मधल्या वेळात लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ताक प्या. सावजी सगळं संपल्यावर.

जपानी नावं डोक्यावरून जातील, जाऊ द्या. सगळे सेन्सेईंचे हात बघतात, तुम्ही पाय बघा. आधी कुठला पाय सरकला एवढं कळलं तरी पहिल्या वेळी पुष्कळ झालं. ग्रेडिंग, म्हणजे पुढच्या श्रेणीची परीक्षा, त्याच सेमिनारला ठेवलेलं असलं तर या खेपेला नाव देऊ नका, फी तरी वाचेल.