अवाच्या सवा वीजबिल आले तर काय करावे

वीजबिल नेहमीच्या तिप्पट-चौपट आले असेल, तर कार्यालयात जाण्याआधी बिलावरील ‘चालू रीडिंग’ मीटरवर प्रत्यक्ष दिसणाऱ्या आकड्याशी ताडून पाहावे आणि मीटरचा क्रमांकही दिसेल असा फोटो काढून ठेवावा. इमारतीत अनेक मीटर एकाच जागी असतात, त्यामुळे शेजाऱ्याचे रीडिंग आपल्या नावावर चढलेले नाही ना, याची खात्री या क्रमांकावरून होते. त्यानंतर घरातील मेन स्विच बंद करून मीटरवरील लुकलुकणारा दिवा काही मिनिटे पाहावा. तो तरीही लुकलुकत राहिला, तर मीटरमध्ये किंवा मीटरपासून मेन स्विचपर्यंतच्या वायरिंगमध्ये दोष असण्याची शक्यता आहे, आणि तक्रारीत तसे नमूद करावे.

मीटर ठीक असूनही बिल फुगण्याचे एक कारण सहज नजरेतून सुटते. घर बंद असल्यामुळे किंवा रीडिंग न मिळाल्यामुळे काही महिने सरासरी बिल येते आणि मग प्रत्यक्ष रीडिंग झाल्यावर साचलेले सगळे युनिट एकाच महिन्यात दाखवले जातात. महाराष्ट्रात घरगुती वीजदर 100, 300 आणि 500 युनिटच्या टप्प्यांनी (म्हणजे ‘स्लॅब’नुसार) चढत जातो. सहा महिन्यांचे 600 युनिट एकाच महिन्याचे धरले, तर वापर सर्वांत महाग टप्प्यात शिरतो. तेच युनिट सहा महिन्यांत विभागले, तर दरमहा 100 युनिट होऊन सगळा वापर सर्वांत स्वस्त टप्प्यात बसतो. म्हणून अर्जात ‘स्लॅबचा लाभ देऊन आणि आधी भरलेली सरासरी बिले वजा करून बिल दुरुस्त करावे’ अशी स्पष्ट मागणी करावी. मीटरपर्यंत पोहोचू देणे ही मात्र ग्राहकाचीच जबाबदारी आहे. बाहेरगावी असताना कोणाकडून तरी फोटो मागवून महावितरणच्या मोबाइल अ‍ॅपवरून रीडिंग पाठवले, तर हा प्रसंगच टळतो.

रागाने बिल भरणे थांबवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. विद्युत कायदा, 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. शिवाय बिलाची मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना या तरतुदीचा मोठा आधार आहे, परंतु ती त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. भरणा करताना ‘निषेध नोंदवून’ हे शब्द असलेले पत्र द्यावे आणि त्याच्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्यावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. याच कलमानुसार, बिलांमध्ये थकबाकी म्हणून सतत दाखवत न आलेली रक्कम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही.

मीटरवरच शंका असेल, तर तपासणीसाठी लेखी अर्ज करावा. केंद्र सरकारच्या ग्राहक हक्क नियमांत 2024 मध्ये झालेल्या सुधारणेनुसार, रीडिंग वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यास कंपनीने पाच दिवसांत जोडीला दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने वापर पडताळायचा असतो. मीटरचे सील मात्र ग्राहकाने किंवा ओळखीच्या वायरमनने कधीही उघडू नये. छेडछाड आढळली, तर साध्या बिलाच्या वादाचे रूपांतर विद्युत कायद्याच्या कलम 135 खालील वीजचोरीच्या प्रकरणात होऊ शकते.

उपविभाग कार्यालयात दाद लागली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जावे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तेथे अर्ज करावा लागतो. सोबत बिले, भरणा पावत्या, फोटो आणि पोच घेतलेली पत्रे तारखांच्या क्रमाने जोडावीत. मंचाचा निर्णय मान्य नसल्यास 60 दिवसांत मुंबई किंवा नागपूर येथील विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते.