आयोवाचा अंदाज बांधायला शिकताय? आधी कॉकसची खोली समजून घ्या

अमेरिकेत संख्याशास्त्र किंवा डेटा सायन्स शिकायला आलेल्या आणि निवडणुकांचं वेड असलेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मॉडेल कोणतं वापरू? मी एम्सला, आयोवा स्टेट विद्यापीठात शिकलो आणि पुढे सर्वेक्षणांच्याच धंद्यात पडलो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे बराच येतो. माझं उत्तर फारसं कुणाला आवडत नाही. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची आयोवा राज्यातली पहिली लढत, म्हणजे कॉकस, कोण जिंकेल हे सांगायचं असेल, तर मॉडेल सध्या राहू द्या. जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत संध्याकाळी सात वाजता शाळेच्या जिममध्ये कोण येतं आणि आल्यावर तिथे काय होतं, ते आधी बघा.

आपल्याकडून येणाऱ्यांच्या डोक्यात निवडणूक म्हणजे दिवसभर उघडं असलेलं मतदान केंद्र. कॉकस तसा नसतो. ती आपला उमेदवार निवडायला पक्षाने बोलावलेली सभा असते, ठरलेल्या वेळी सुरू होणारी. सात वाजता दवाखान्यात रात्रपाळीवर असलेली नर्स तिथे नसते, लहान मूल घरी असलेली आई बहुधा नसते. आयोवात नोंदणीकृत मतदार वीस लाखांच्या आसपास. २०१६मध्ये रिपब्लिकन कॉकसला विक्रमी गर्दी झाली, तेव्हाही आकडा होता सुमारे १ लाख ८७ हजार. म्हणजे विक्रमी वर्षातही दहातला एकसुद्धा मतदार त्या सभांना गेला नव्हता. २०२४मध्ये तापमान शून्य फॅरनहाइटच्या (उणे १८ सेल्सियसच्या) खाली होतं, शर्यतही एकतर्फी होती, आणि आले सुमारे १ लाख १० हजार. तुम्हाला अंदाज बांधायचाय तो या मूठभर लोकांचा, आणि ते नेमके कोण हे त्या रात्रीपर्यंत कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं. दारात उभं राहून ऐनवेळी पक्षात नाव नोंदवता येतं. नोव्हेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर सतरा वर्षांचा पोरगाही येऊ शकतो.

रिपब्लिकनांचं पुढचं काम सोपं आहे: भाषणं होतात, चिठ्ठीवर नाव लिहायचं, चिठ्ठ्या मोजायच्या. डेमोक्रॅट्सनी २०२०पर्यंत चालवलेला प्रकार मात्र वेगळाच होता. तो आता पूर्वीसारखा उरलेला नाही (२०२४मध्ये त्यांनी टपालाने पसंतीची कार्डं मागवली आणि निकाल मार्चमध्ये दिला), तरी शिकणाऱ्याने तो मुळातून समजून घ्यावा असं माझं ठाम मत आहे. नियम निकालाला कसे वाकवतात हे इतकं उघड दुसरीकडे कुठे दिसत नाही.

२०२०च्या ३ फेब्रुवारीला मी एम्समध्ये निरीक्षक म्हणून बसलो होतो. नागरिक नसलेल्याला भाग घेता येत नाही, पण भिंतीलगत बसून बघता येतं. लोक उमेदवारांप्रमाणे गट करून उभे राहतात. बहुतेक ठिकाणी गट टिकायला खोलीतले पंधरा टक्के लोक लागतात. समजा १२० जण जमले. म्हणजे १८ हवेत. चार गट झाले: ५२, ३३, १८ आणि १७. सतरांचा गट बाद! कुणी वाटेत बर्फात अडकला म्हणून असेल, कुणाला बेबीसिटर मिळाली नाही म्हणून असेल, पण बाद म्हणजे बाद. मग बाकीच्या गटांतले लोक त्या सतरा जणांभोवती घोळका करतात, शेजारीपाजारीच ते, आणि मनधरणी सुरू होते. कुणी दुसऱ्या गटात जातं, कुणी कोट चढवून घरी जातं.

हे पाहिलं की सर्वेक्षणात ‘तुमची दुसरी पसंती कोण?’ हा प्रश्न का विचारतात ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. राज्यभर बारा-तेरा टक्के पाठिंबा असलेला उमेदवार बऱ्याच खोल्यांत शून्यावर येतो आणि त्याची माणसं भलत्याच्याच पारड्यात पडतात. म्हणून तुमच्या सिम्युलेशनमध्ये (संगणकावर निकाल पुन्हापुन्हा घडवून बघताना) राज्याची एक सरासरी धरून भागत नाही. दीडेक हजार खोल्या वेगवेगळ्या चालवाव्या लागतात. ९९ काउंट्यांचे (आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांचे) जुने निकाल घेऊन हे करून बघा. माझ्या मते नवख्याला याहून चांगला प्रकल्प नाही.

आता पुढची मेख. जिंकला म्हणजे काय? प्रत्येक प्रीसिंक्टच्या (एका सभेपुरत्या मतदार-विभागाच्या) वाट्याला किती डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या पुढच्या अधिवेशनांना जाणारे प्रतिनिधी, येणार हे पक्षाने आधीच, मागच्या निवडणुकांतल्या मतांवरून ठरवलेलं असतं. त्या रात्री खोली ओसंडून वाहिली म्हणून डेलिगेट वाढत नाहीत. त्यामुळे विद्यापीठांच्या गावांत गर्दी खेचणाऱ्याचा तोटा आणि गावोगाव थोडेथोडे लोक असलेल्याचा फायदा. २०२०मध्ये पक्षाने प्रथमच तिन्ही आकडे जाहीर केले: पहिल्या उभं राहण्यातली मतं, शेवटच्या उभं राहण्यातली मतं आणि राज्य-डेलिगेटांचं प्रमाण. मतांच्या दोन्ही मोजण्यांत बर्नी सँडर्स पुढे. डेलिगेटांच्या हिशेबात पीट बुटिजेज पुढे, तोही २६.२ विरुद्ध २६.१ टक्के असा केसभर. वर निकाल कळवायचं अ‍ॅप कोलमडलं, बेरजांमध्ये विसंगती सापडल्या, आणि असोसिएटेड प्रेसने विजेता जाहीर करायलाच नकार दिला. तुम्ही ‘सँडर्स जिंकण्याची शक्यता ६० टक्के’ असं भाकीत केलं असतं, तर ते बरोबर आलं की चूक? प्रश्न नीट लिहिलेला नसेल तर याला उत्तरच नाही.

रिपब्लिकनांकडे सगळं सुटसुटीत असतं असंही नाही. २०१२मध्ये त्या रात्री मिट रॉम्नी आठ मतांनी जिंकले म्हणून सांगितलं गेलं. दोनेक आठवड्यांनी प्रमाणित आकडे आले तेव्हा रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे होते, आणि आठ प्रीसिंक्टांचे कागद सापडलेच नाहीत. पुढे पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात आयोवाचे बहुसंख्य डेलिगेट गेले ते त्या रात्री तिसऱ्या आलेल्या रॉन पॉल यांच्या बाजूने. आणि १९७६? जिमी कार्टर आयोवातून उजेडात आले असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे. पण यादीत पहिला नंबर होता ‘अनकमिटेड’चा, म्हणजे कुणालाच बांधील नसलेल्यांचा. कार्टर दुसरे! ज्या मॉडेलच्या यादीत ‘कुणीच नाही’ हा पर्याय नव्हता, त्याला तो विजेता कधीच सापडला नसता.

म्हणून कामाला लागण्याआधी एका ओळीत लिहा: मी कशाचा अंदाज बांधतोय, कोणत्या आकड्यावर तो तपासणार आणि तो आकडा जाहीर कोण करणार. कॉकस पक्ष घेतो, सरकार नाही. जुना डेटाही त्यामुळे पक्षांकडे आणि वर्तमानपत्रांकडे विखुरलेला असतो. आयोवानंतरच्या न्यू हॅम्पशर राज्यात प्रायमरी असते, म्हणजे उमेदवारीसाठीचं नेहमीसारखं मतदान, आणि ती सरकारी यंत्रणा घेते, तिथला डेटा पुष्कळ स्वच्छ मिळतो.

येणार कोण, या प्रश्नावर सगळ्यात जास्त शिकण्यासारखं प्रकरण २००८च्या डेमोक्रॅट्सच्या कॉकसचं. डी मॉइन रजिस्टर या वर्तमानपत्रासाठी अ‍ॅन सेल्झर यांनी केलेला शेवटचा पोल, म्हणजे मतदारांचं सर्वेक्षण, वर्षअखेरीला आला: ओबामा ३२, क्लिंटन २५, एडवर्ड्स २४. त्यात येणाऱ्यांपैकी साठ टक्के लोक आयुष्यात पहिल्यांदा कॉकसला येणार असं दिसत होतं. प्रतिस्पर्धी प्रचारकांनी तो उडवून लावला, कारण २००४ला एकूण सव्वा लाखाच्या आसपास लोक आले होते, आणि इतके नवे कुठून येणार? ३ जानेवारीला आले जवळजवळ २ लाख ४० हजार. ओबामा ३७.६, एडवर्ड्स २९.७, क्लिंटन २९.५. बाकीच्या अनेकांनी ‘मागच्या वेळी आला होतात का?’ या चाळणीतून लोक गाळले होते. सेल्झर ‘या वेळी येणार का?’ एवढंच विचारत आणि जे उत्तर मिळेल त्याला फारसा हात लावत नसत.

ही पद्धत म्हणजे जादूची कांडी नव्हे. २०१६मध्ये त्यांच्या पोलमध्ये ट्रम्प २८, क्रूझ २३ होते. जिंकले क्रूझ, २७.६ विरुद्ध २४.३. आणि २०२४च्या नोव्हेंबरात, म्हणजे कॉकस नव्हे तर मुख्य निवडणुकीत, त्यांनी आयोवात हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे दाखवल्या आणि ट्रम्प तेराने जिंकले. जी सवय २००८ला वाचवते तीच दुसऱ्या वर्षी बुडवते. मला त्यांच्याबद्दल आदर आहे तो त्या नेहमी बरोबर आल्या म्हणून नाही. आकडा विचित्र दिसला तरी लपवला नाही, म्हणून. २०२०ला मात्र पोलच्या फोनवरच्या एका मुलाखतीत बुटिजेज यांचं नाव वाचलंच गेलं नसल्याची तक्रार आली, तेव्हा वर्तमानपत्राने आणि सीएनएनने तो शेवटचा पोल छापलाच नाही. मुलाखत घेणाऱ्याच्या पडद्यावरच्या अक्षरांचा आकार वाढवल्याने यादीतलं शेवटचं नाव दिसेनासं होतं, असं नंतर बाहेर आलं. डेटा गोळा करण्याचं काम कंटाळवाणं वाटणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

२०१६च्या त्या पोलवर थोडं गणित करू, कारण नोकरीच्या मुलाखतींमध्ये हेच विचारतात. नमुना साधारण ६०० जणांचा. छापलेली त्रुटी (नमुन्यामुळे आकडा इकडेतिकडे होण्याची मर्यादा) ±४ टक्के, आणि लोक म्हणतात, पाचाची आघाडी आहे म्हणजे त्रुटीच्या बाहेर. तसं नाही. ती ±४ एकेका उमेदवाराच्या आकड्याची. आघाडीसाठी दोन्ही टक्के दशांशात लिहा (०.२८, ०.२३), त्यांची बेरीज घ्या, त्यातून फरकाचा वर्ग वजा करा, नमुन्याच्या संख्येने भागा, वर्गमूळ काढा, १.९६ने गुणा. येतात सुमारे ०.०५७, म्हणजे ५.७ टक्के. म्हणजे पाचाची आघाडी निव्वळ नमुन्याच्या योगायोगातही बसते. शिवाय हा हिशेब येणारे लोक बरोबर ओळखलेत असं धरून! प्रत्यक्षात प्रायमरी-कॉकसच्या पोलची चूक नोव्हेंबरच्या निवडणुकीच्या पोलपेक्षा साधारण दुप्पट असते. उमेदवार अनेक, सगळे एकाच पक्षाचे. आवडनिवड बदलायला माणसाला फार काही ओलांडावं लागत नाही.

ती बदलतेही अगदी शेवटी. २००४ला हॉवर्ड डीन जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत पुढे मानले जात होते. १९ तारखेला केरी ३८, एडवर्ड्स ३२ आणि डीन १८. २०१२च्या रजिस्टर पोलमध्ये चार दिवसांच्या सरासरीत सँटोरम १५वर होते, पण शेवटच्या दोन दिवसांपुरतं पाहिलं तर २१वर. हा तपशील बातमीतच होता. अनेक पोलची सरासरी काढणाऱ्या बहुतेकांच्या कोष्टकात तो उतरला नाही. पोलच्या तारखा वाचा. प्रसिद्धीची नाही, फोन केल्याची तारीख.

न्यू हॅम्पशरबद्दल थोडक्यात. २००८ला आयोवानंतर पाचच दिवसांनी तिथे मतदान होतं, सर्वेक्षणांत ओबामा सरासरी आठेक टक्क्यांनी पुढे, आणि जिंकल्या हिलरी क्लिंटन. अमेरिकन सर्वेक्षणकर्त्यांच्या संघटनेने त्यावर चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल मोफत मिळतो. एकच एक दोषी त्यातून निघत नाही, म्हणूनच तो वाचनीय आहे. दुसरं म्हणजे तिथे पक्षात नाव न नोंदवलेले मतदार कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत जाऊ शकतात. २०००मध्ये मॅकेन यांनी बुश यांना जवळजवळ अठरा टक्क्यांनी हरवलं, त्यात हे लोक मोठे होते. एका पक्षाचा अंदाज दुसऱ्या पक्षात किती चुरस आहे हे न बघता बांधताच येत नाही.

शिकायला काय घ्याल? मशीन लर्निंगच्या आधी नमुना सर्वेक्षणाचा कोर्स. तो जुनाट वाटतो, वर्गात गर्दी नसते, आणि नोकरीत रोज उपयोगी पडतो. यात आपल्याला थोडा अभिमान वाटावा असंही आहे: या विषयावरचं पां. वा. सुखात्मे यांचं पाठ्यपुस्तक १९५४मध्ये एम्सच्याच विद्यापीठाच्या छापखान्यातून निघालं होतं. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, शिकले फर्ग्युसनला. त्यांचा विषय शेतीची सर्वेक्षणं होता. पण शेतात न जाता पिकाचा अंदाज आणि खोलीत न जाता कॉकसचा अंदाज यांतलं गणित एकाच घराण्यातलं. सोबत आर ही संगणकभाषा, बहुस्तरीय मॉडेलं, आणि जमलं तर विद्यापीठाच्या सर्वेक्षण केंद्रात फोनवर मुलाखती घेण्याचं अर्धवेळ काम. पगार बेताचा असतो. पण लोक कोणत्या प्रश्नावर फोन ठेवतात हे पुस्तकात मिळत नाही.

व्हिसावर असलेल्यांनी एक नियम पाठ करावा. विदेशी नागरिकाला कोणत्याही उमेदवाराला देणगी देता येत नाही आणि प्रचाराच्या निर्णयांत भाग घेता येत नाही. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून दारं ठोठावता येतात. पगारी काम कुठलंही असो, आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा. विद्यापीठं, वृत्तसंस्था, सर्वेक्षण कंपन्या ही वाट आपल्यासाठी जास्त मोकळी आहे. आयोवा विद्यापीठाने १९८८पासून चालवलेला निवडणूक-बाजारही, जिथे निकालावर पैसे लावून शेअरसारखे सौदे होतात, अभ्यासाला उत्तम. पाचशे डॉलरच्या मर्यादेत खऱ्या पैशाने चालणारा, किमतींचा जुना इतिहास असलेला. पोल आणि बाजार एकमेकांपासून कधी फुटतात ते बघण्यात संध्याकाळ कशी जाते कळत नाही.

आणि कृपा करून डिक्सव्हिल नॉचच्या निकालावर कुठलाही अंदाज उभारू नका. न्यू हॅम्पशरच्या त्या वाडीत मध्यरात्री मतदान होतं, लगेच निकाल लागतो, टीव्हीवाले तंबू ठोकून असतात. दर चार वर्षांनी कुणीतरी मला त्याचा आलेख पाठवतंच. २०२४मध्ये तिथे निकी हेली यांना सहापैकी सहा मतं मिळाली. राज्यात ट्रम्प अकरा टक्क्यांनी जिंकले.